साहेबांची हजामत

आजोबांनी उभा जन्म लोकांच्या डोक्यावरून हात फिरवण्यात घालवला आणि वर त्याचे पैसे घेतले. हे ते स्वतःच सांगायचे आणि सांगून झाल्यावर स्वतःच हसायचे. हाडाचे न्हावी. बायको गेल्यावर त्यांनी सलून विकलं आणि परक्या मुलखात मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात कपडे कमी आणि हत्यारं जास्त होती. कात्र्या, वस्तरा, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड आणि मुठीचा एक हातआरसा. मुलगा म्हणाला, बाबा, इथे कोणाची हजामत करणार? आजोबा म्हणाले, डोकी सगळीकडे असतात.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सून एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. दोघं सकाळी बाहेर पडत, ती दिवस कलताना परत येत. मधल्या वेळात घरात दोघंच, आजोबा आणि चार वर्षांची नात. इमारतीत त्यांची भाषा बोलणारं दुसरं घर नव्हतं. शेजारी जिन्यात भेटले की हसून मान हलवत, आजोबाही हसून मान हलवत, आणि दोन्हीकडचं बोलणं तिथेच संपे. इथल्या भाषेतले जे शब्द त्यांना येत ते भाजीवाल्यापुरते. आता न्हाव्याला गप्प बसवायचं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. तेव्हा ते नातीशी बोलत.

नात मात्र बोलत नव्हती, निदान सगळे तसं म्हणत. हाक मारली तर वळायची नाही. खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत तासन्‌तास बसायची. अंगाला कोणाचा अवचित हात लागला की अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरून दांडक्याने छत ठोकलं जाई. केस कापणं म्हणजे तर लढाईच. आईने कात्री काढली की पोर पलंगाखाली.

आजोबांनी तिला एक दिवस बाल्कनीत गिऱ्हाईक म्हणून बोलावलं. त्यात काही युक्ती वगैरे नव्हती. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. उमेदवारीत असताना त्यांच्या उस्तादाने जे शिकवलं होतं तेच ते आयुष्यभर म्हणत आले होते, म्हाताऱ्याला असो की पोराला, त्याच क्रमाने आणि त्याच सुरात. तोंड बंद ठेवलं तर माझी कात्री चालत नाही, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं.

"या साहेब, बसा," ते म्हणाले आणि स्टूल झटकलं. मग थोडा वेळ काहीच केलं नाही. पोर दारात उभी राहून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, या साहेब, बसा. कधीतरी एकदा साहेब आल्या आणि बसल्या. मग पुढचं. मान खाली. डोळे मिट. पाणी येतंय. कात्री येतेय. कान माझ्या मुठीत. झालं, झालं, झालं. पाणी येतंय म्हटल्यावर पाणीच येई, कात्री येतेय म्हटल्यावर कात्रीच येई, आणि कान मुठीत म्हटल्यावर म्हातारी बोटं कान अलगद दुमडून धरत. पोरीने हूं की चूं केलं नाही.

शेवटी आजोबा आरसा समोर धरत आणि विचारत, "आरशात कोण?" त्यांच्या सलूनमधला हा जुना विनोद. नेहमीचं गिऱ्हाईक आपला गुळगुळीत चेहरा बघून उत्तर देई, "दुसराच कोणीतरी!" मग दोघं हसत आणि कापड झटकलं जाई. पहिले काही दिवस उत्तरही आजोबाच देत. मग एक दिवस कापडातून बारीक आवाज आला, दुसराच कोणीतरी. तोच सूर, तोच शेवटचा हेल. चार वर्षांची मुलगी मिशीवाल्या गिऱ्हाइकासारखी बोलली आणि खदखदा हसली. आजोबांच्या हातातला आरसा पडता पडता राहिला.

त्यानंतर घरात तिचं नाव साहेबच पडलं. साहेब जेवल्या का, साहेब रुसल्यात, साहेबांचा मोजा सापडत नाही. महिन्यातून एकदा पुरे असं काम आजोबा दर दोन-चार दिवसांनी काढू लागले, कारण साहेब स्वतःच स्टूल ओढत आणत. केस वाढायला उसंत मिळेना, म्हणून कात्री बरेचदा हवेतच चाले. पण बोलणं पूर्ण होई. हळूहळू साहेब आजोबांच्या आधी म्हणू लागल्या. गिलासात पाणी ओतताना दिसलं की पाणी येतंय. टोपी घालताना कान माझ्या मुठीत.

आजोबांनी हे कौतुकाने मुलाला सांगितलं. मुलगा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवा बसून आलेला. तो म्हणाला, बाबा, ती तुमचंच तुम्हाला परत देते, त्याला बोलणं म्हणत नाहीत. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला माणूस होता. तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द नुकताच उच्चारला होता आणि तो शब्द घेऊन तो गावभर हिंडत होता, की कोणीतरी याचं काय करायचं ते सांगा.

ते सांगणाऱ्या म्हणजे बोलण्याच्या बाई. स्पीच थेरपिस्ट हे नाव घरात कोणाच्या तोंडी बसलं नाही, म्हणून बोलण्याच्या बाई. त्यांच्याकडे तारीख मिळायलाच बरेच महिने गेले. बाप एकटा मुलीला घेऊन गेला, कारण लाँड्रीत सुट्टी मागणं म्हणजे कामावरून कायमचीच सुट्टी. बाहेर बसायच्या खोलीत भिंतभर हसऱ्या मुलांची चित्रं होती. त्यातलं एकही त्यांच्या रंगाचं नव्हतं. खुर्च्यांवर मात्र निम्मी मुलं त्यांच्या रंगाची होती आणि त्यांचे आईबाप पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. बापानेही पाठ ताठ केली.

बाई प्रेमळ होत्या, हे सांगायलाच हवं. त्यांनी साहेबांना चिकटवायचं फूल दिलं, खाली गालिच्यावर बसल्या आणि बापाला एकच सूचना केली, की मधे बोलू नका, मुलीला मदत करू नका. मग चित्रं काढली. कात्रीचं चित्र दाखवून इथल्या भाषेत विचारलं, हे काय?

"कात्री येतेय," साहेब म्हणाल्या.

बाईंनी कागदावर पेन्सिलीने शून्याचा गोल काढला. पुढचं चित्र नळाचं होतं. पाणी येतंय. गोल. पुढचं कानाचं. कान माझ्या मुठीत. एकही उत्तर चुकलं नव्हतं, आणि ते खोलीत एकट्या बापाला कळत होतं. पण बाई मदत करू नका म्हणाल्या होत्या. शिवाय नुसतं कात्री म्हणाली असती तर गोष्ट वेगळी, हे कात्री येतेय काय, आणि मुठीतला कान काय? असं बाईंना समजावून सांगायचं म्हणजे बापच मुलीचे मार्क वाढवतोय असं दिसलं असतं. बाईंनी एकदा मान वर करून त्याला विचारलंही, की ती काही म्हणते आहे का?

"नाही," बाप म्हणाला. "असंच काहीतरी."

अखेरीस बाईंनी एक छोटा आरसा काढून साहेबांसमोर धरला आणि कौतुकाने काहीतरी विचारलं. साहेबांचा चेहरा उजळला. दुसराच कोणीतरी, त्या म्हणाल्या आणि खदखदा हसल्या. बाईही हसल्या आणि हसल्याचं लिहून घेतलं. बाप शरमेने जमिनीकडे बघत होता. पोरगी परक्या ठिकाणी वेड्यासारखी बडबडते आहे, एवढंच त्याला वाटलं. ती काय म्हणाली ते त्याच्या कानांवरून गेलं.

बाईंनी सांगितलं, शब्द अजून सुरू झालेले नाहीत. घरात दोन भाषा असतील तर अशा मुलांचा गोंधळ होतो. शाळेची भाषा घ्या, तीच घरात सगळ्यांनी बोला, घरची भाषा थोडे दिवस बाजूला ठेवा. मग बघू.

हे बापाला फारच पटलं. एका तारेत दोन ठिकाणचा करंट सोडला तर काय होतं ते त्याला हातावरच्या डागांनिशी ठाऊक होतं. इतके दिवस कोणी त्याला समजेल असं काही सांगितलंच नव्हतं. घरी येऊन त्याने बायकोला आणि आजोबांना समोर बसवलं आणि फर्मान काढलं. सून म्हणाली, अहो, बाबांना ती भाषा येत नाही. तो म्हणाला, शिकतील. ती म्हणाली, आणि शिकेपर्यंत?

"शिकेपर्यंत थोडे दिवस गप्प राहतील," तो म्हणाला. "गप्प राहून माणूस मरत नाही."

सून आजोबांकडे बघत होती. ते भांडतील, निदान दोन टोले देतील, असं तिला वाटलं असेल. ऐकावं जनाचं करावं मनाचं, हे त्यांचंच आवडतं वाक्य. पण आजोबा म्हणाले, बाईंनी सांगितलंय ना, मग झालं. बाई शिकलेल्या आहेत. साहेबांचं भलं होत असेल तर माझ्या तोंडाला कुलूप. आणि किल्लीही त्यांनी स्वतःच मुलाच्या हातात दिली. त्या घरात बाईंचा हुकूम सगळ्यांत कडक कोणी पाळला असेल तर त्यांनीच.

आधी त्यांनी शिकायचा प्रयत्न केला. मुलाकडून आपलं सगळं म्हणणं इथल्या भाषेत करून घेतलं. मुलगा थकलेला, त्याने जमेल तसं करून दिलं. मान खाली करा, डोळे बंद करा, आता पाणी. आजोबा भांडी घासताना ते घोकत. जीभ अडखळे, शब्द उलटेसुलटे होत. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बाल्कनीत स्टूल मांडलं. साहेब धावत येऊन बसल्या आणि स्वतःच मान खाली घातली. आजोबांनी घसा खाकरला आणि नवी वाक्यं सुरू केली.

साहेबांनी मान वर केली. आजोबांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग स्टुलावरून उतरल्या आणि आत जाऊन गाडीचं चाक फिरवत बसल्या. दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, होईल सवय.

सवय झाली नाही. पुढच्या वेळी आजोबांनी काहीच न बोलता कात्री चालवायचं ठरवलं. पाणी आलं, पण येतंय असं कोणी म्हणालं नाही. कान धरला गेला, पण मुठीत असं कोणी म्हणालं नाही. साहेबांनी त्यांच्या मनगटाला असा चावा घेतला की दात उमटले. आजोबांनी हात धुतला, हत्यारं पुसली, कापडाची घडी घातली आणि सगळं कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिलं. त्यानंतर साहेबांची हजामत बाहेरच्या दुकानात होऊ लागली. एकाने पाय धरायचे, एकाने हात, आणि तिसऱ्याने मिळेल तिथे कापायचं. ते केस बघून आजोबांना कसं वाटत असेल ते ज्याने हाताने काम केलंय त्यालाच कळेल.

थोडे दिवस म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही. बाई काही काळाने दुसरीकडे गेल्या. त्यांच्या जागी एक आल्या, त्यांच्या जागी आणखी एक. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, आणि त्यात साहेब काय करत नाहीत तेवढं सांगून होई. ते कुटुंब कोणाला उगाच प्रश्न विचारणाऱ्यातलं नव्हतं. बस चुकली तरी चालेल, पण कंडक्टरला ही कुठली बस म्हणून विचारायचं नाही, अशी ती माणसं. वाटायचं, ज्यांनी कुलूप घातलंय ते वेळ झाली की काढतील.

आजोबांनी एकदाच विचारलं. मुलगा बूट घालत होता, ते दाराला टेकून उभे होते.

"अरे, ते थोडे दिवस संपले का?"

"बाई सांगतील, बाबा."

बरं, असं म्हणून ते बाल्कनीत जाऊन बसले. साहेब आधीच तिथे होत्या. असे ते दोघं वर्षानुवर्षं बसले, शेजारी शेजारी, एकाला बोलायला मनाई आणि दुसरीला ऐकायला काही नाही. मित्रांशी फोनवर बोलायचं झालं तर आजोबा जिना उतरून खाली फाटकाशी जात, साहेबांच्या कानांवर पडू नये म्हणून. हळूहळू मित्रही कमी झाले आणि जिनाही झेपेना.

साहेब काहीच शिकल्या नाहीत असं नाही. शाळेच्या भाषेत त्यांना हवं, नको, संपलं, घरी जायचंय एवढं आलं. बाप प्रत्येक नव्या शब्दाने हुरळून जाई आणि आजोबांना म्हणे, बघा बाबा, बाईंचं बरोबर होतं. आजोबा हसून मान हलवत, जिन्यातल्या शेजाऱ्यांना हलवत तशी. त्या शब्दांत साहेब मागत असत. कोणाशी हसून बोलत नसत. हा फरक त्या घरात एकट्या सुनेला जाणवला होता आणि तिने तो एकदा बोलूनही दाखवला. नवरा म्हणाला, आता नाट लावू नकोस.

साहेब अकरा-बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा एका सकाळी आजोबा दाढीचा ब्रश हातात घेऊन आरशासमोरच कोसळले. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण वाचा गेली. राहिला एकच शब्द, झालं. पाणी हवं का म्हटलं तर झालं. दुखतंय का, झालं. तुमचं नाव काय, झालं, झालं, झालं. रुग्णालयातल्या नर्सला वाटलं तेच त्यांचं नाव आहे, आणि ती त्यांना त्याच नावाने हाक मारू लागली. सुनेला हसू आलं आणि त्याच क्षणी ती रडू लागली.

तिथे त्यांना बघायला बोलण्याच्या बाई आल्या. या नव्या, वयाने लहान. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, हे कोणती भाषा बोलतात? बापाने सांगितली. मग बाईंनी फोनवर एक दुभाषी गाठला, त्याच्याकडून शब्द विचारून घेतले आणि आजोबांच्या कानाशी वाकून ते मोडकेतोडके म्हणून दाखवले. आजोबांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर त्या बापाला म्हणाल्या, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोला, घरी जसे बोलता तसे, भरपूर.

बाप म्हणाला, घरी आम्ही ती बोलत नाही. मुलीसाठी. तुमच्याच इथे सांगितलं होतं.

बाई चालता चालता थांबल्या. काय सांगितलं होतं ते त्यांनी त्याच्याकडून पुन्हा नीट ऐकून घेतलं. मग बाकावर बसल्या आणि त्यालाही बसायला सांगितलं.

"तसं सांगायचे तेव्हा," त्या म्हणाल्या. "ते चूक होतं. अशा मुलांना दोन भाषांनी काही होत नाही. घरचं माणूस ज्या भाषेत मनापासून बोलतं, ती काढून घेतली तर होतं. आम्ही आता तसं सांगत नाही. बरीच वर्षं झाली. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

बाप म्हणाला, नाही. कसं कळवतात?

बाईंनी सांगितलं, पालकांच्या सभा होतात, तिथे. पण त्या सभा इथल्या भाषेत आणि दुपारच्या. जे पालक येऊन प्रश्न विचारतात, हुज्जत घालतात, त्यांना कळलं. बाकीच्यांना फोन करायला हवे होते, ते कोणी केले नाहीत. आमच्या घरीही वेगळीच भाषा आहे, त्या म्हणाल्या, माझ्या भावालाही हेच सांगितलं होतं. आई त्याला आत्याकडे नेऊन चोरून त्याच्याशी बोलायची म्हणून तो वाचला.

बापाला राग यायला हवा होता, पण कोणावर काढायचा ते समजेना. चोरून. एवढं साधं त्या घरात कोणाला सुचलं नव्हतं. त्यांना सगळं प्रामाणिकपणे करायची सवय. त्याने स्वतः फर्मान काढलं होतं, आणि त्याचा बाप, ज्याने जन्मभर कोणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं, तो नातीच्या भल्यासाठी ते मरेपर्यंत पाळायला निघाला होता. थोडे दिवस कधीच संपले होते आणि ही बातमी द्यायची ज्याला, त्याच्याकडे आता एक शब्द उरला होता.

आजोबांना घरी आणलं. पलंग बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ लावला. बाप त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू लागला, पण वर्षानुवर्षं न वापरलेली खोली उघडल्यासारखं ते बोलणं, कुठे काय ठेवलंय ते सापडत नव्हतं. जेवलात का, बरं वाटतंय का, याच्यापुढे त्याची मजल जाईना. साहेब कोपऱ्यात डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसलेल्या असत. बाईंनी सांगितल्यापासून बाप त्यांच्याशीही घरच्या भाषेत बोलून बघे. साहेब ढुंकून बघत नसत. पालथ्या घड्यावर पाणी. ती भाषा त्यांच्यातून गेली, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं.

एका दुपारी सून कामावर होती आणि बापाला सुट्टी होती. आजोबांची दाढी फार वाढली होती, केस मानेवर आले होते. न्हाव्याचा मुलगा असून त्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या गालाला वस्तरा लावला नव्हता. त्याने कपाटाच्या खालच्या खणातून सगळं काढलं, पलंगावर उशांना टेकवून आजोबांना बसवलं आणि गालाला साबण लावला. पहिल्याच फटक्यात हनुवटीखाली कापलं आणि रक्ताची रेघ आली.

झालं, आजोबा म्हणाले. मग तळहात वर करून, थांब म्हणावं तसं, झालं, झालं, झालं.

कोपऱ्यातलं झाकण फिरायचं थांबलं.

साहेब उठल्या. पलंगाजवळ आल्या आणि आजोबांच्या तोंडाकडे, मग बापाच्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी चुकलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं, हे दिसत होतं. झालं हे शेवटी येतं. आधी बाकीचं यायला हवं. त्यांनी पलंगावरच्या हत्यारांतून पांढरं कापड ओढून काढलं, झटकलं आणि आजोबांच्या छातीवर टाकलं. मग घसा खाकरला, बरोब्बर आजोबा खाकरायचे तसा.

"या साहेब, बसा," त्या म्हणाल्या.

बापाच्या हातातून वस्तरा सुटून साबणाच्या वाटीत पडला. त्याच्या मुलीच्या तोंडून त्याच्या बापाचा आवाज येत होता, सलूनमधला, तो शाळेतून दप्तर घेऊन थेट जिथे जायचा तिथला. मान खाली. आजोबांनी मान खाली घातली. डोळे मिट. त्यांनी मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी साबणात ओघळायला लागलं. पाणी येतंय, साहेब म्हणाल्या आणि बापाकडे बघून थांबल्या. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने फवाऱ्याची बाटली भरून आणली. कात्री येतेय. त्याने कात्री घेतली आणि मानेवरचे पांढरे केस कापू लागला. कान माझ्या मुठीत, साहेब म्हणाल्या आणि म्हाताऱ्याचा कान आपल्या बोटांनी अलगद दुमडून धरला. कोणाच्या अंगाला हात न लावणारी मुलगी.

सगळे केस होईपर्यंत तिने एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. इतकी वर्षं ते सगळं तिच्यापाशी होतं. कोणी म्हणत नव्हतं, म्हणून तीही म्हणत नव्हती.

"झालं, झालं, झालं," ती म्हणाली, आणि या वेळी आजोबांनीही तिच्याबरोबर म्हटलं. दोघांचं एकदम, एका सुरात. आजोबांच्या तिरक्या झालेल्या तोंडावर हसू आलं. बापही हसला. त्याला वाटलं, झालं, परत मिळालं.

मग साहेबांनी हातआरसा उचलला, दोन्ही हातांनी आजोबांच्या समोर धरला आणि विचारलं.

"आरशात कोण?"

आता उत्तर आजोबांनी द्यायचं होतं. गिऱ्हाईक ते होते. त्यांना उत्तर ठाऊक होतं. ते त्यांच्या डोळ्यांत आलेलं दिसत होतं. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. बराच वेळ ते झगडले.

"झालं," ते म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. हे नाही. त्यांनी आरसा तसाच धरला आणि बापाकडे बघितलं. आजवर त्यांनी बापाकडे अशी कधीच नजर लावली नव्हती. त्या वाट बघत होत्या.

बापाला आठवलं, की त्या खोलीत गालिच्यावर बाईंनी आरसा धरला होता. मुलीचा चेहरा उजळला होता, ती काहीतरी म्हणाली होती आणि खदखदा हसली होती. बाईंची पेन्सिल आठवली. भिंतीवरची चित्रं आठवली, आपले बूट आठवले, कारण तो सगळा वेळ बुटांकडेच बघत होता. मुलगी काय म्हणाली होती तेवढं आठवेना. सलूनमध्येही हा प्रश्न त्याच्या कानांवर शेकडो वेळा पडला असणार, पण तिथे तो पुस्तकात डोकं घालून बसायचा, गिऱ्हाइकं काय उत्तर देतात त्याकडे त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. ती तेव्हा मोठ्याने, स्पष्ट म्हणाली होती, आणि बाईंना त्याने सांगितलं होतं, असंच काहीतरी.

"आजोबा," त्याने म्हणून बघितलं. साहेबांनी मान हलवली. "बाबा?" तेही नाही. "साहेब," तो म्हणाला. नाही. आजोबा डाव्या हाताने त्याची बाही ओढत होते, काहीतरी सांगायचा जीव तोडून प्रयत्न करत होते, झालं, झालं.

साहेबांचा चेहरा पुन्हा मिटू लागला. पण त्या गेल्या नाहीत. आरसा खाली ठेवला, कापड उचलून झटकलं आणि पुन्हा आजोबांच्या छातीवर टाकलं. चुकलं तर पहिल्यापासून करायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"या साहेब, बसा," त्या म्हणाल्या. "मान खाली."

आजोबांनी मान खाली घातली. बापाने कात्री उचलली. कापायला आता फारसं काही उरलं नव्हतं.